तळकोंडच्या जांभळाईचा तवा

तळकोंडच्या जांभळाईच्या देवळात मूर्तीइतकाच मान बिडाच्या एका तव्याला आहे. दोन सुपांएवढा, काळाकुळकुळीत. जत्रेच्या आदल्या दिवशी गावचे मानकरी सोवळं नेसून त्याला तेल पाजायला बसतात. आवडाई नावाच्या भाविक बाईने हा मान त्यांना दिला, असं पुजारी पाहुण्यांना सांगतो. भाविक ती होतीच. मान दिला हे मात्र साफ खोटं.

फार पूर्वी, असे सांगतात, तव्याचं सगळं आवडाईकडे होतं. देवीला घावनांचा नैवेद्य लागे आणि तो तीच करी. तवा तिने पाण्यात कधी भिजत ठेवला नाही. पुसून विस्तवावर कोरडा करायचा, अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवायचा, धूर येईतो तापवायचा, निववायचा, की पुन्हा तेल. सासूने हाती दिला तेव्हाच त्यावर काळं तेज चढलेलं होतं; आवडाईने ते उतरू दिलं नाही. देवळामागची खोपी आणि नैवेद्यातला वाटा, एवढ्यावर तिचं घर चाले.

मग नवरा वारला. दिवस-वार होतात न होतात तोच मानकऱ्यांतला थोरला, बाबाजी गावकर, दारात उभा. विधवेचा हात लागलेला तवा देवीला चालत नाही म्हणे. देवीने हे कोणाच्या कानात सांगितलं, ते विचारायची सोय नव्हती. शुद्ध करायचा म्हणून मानकऱ्यांनी तवा नदीवर नेला आणि वाळू, राख, काथ्या लावून घासला. जन्मात स्वतःचं ताट न विसळलेली माणसं ती. काळं निघतंय म्हणजे विटाळ निघतोय, असं समजून तवा पार राखाडी, उघडावाघडा होईपर्यंत घासत राहिली. आवडाई काठावरून बघत होती. काथ्या आपल्याच अंगावरून फिरतोय असं तिला वाटत होतं.

जत्रेच्या दिवशी मानकऱ्यांनी बसवलेल्या सवाष्णीने घावन घातलं, ते चिकटलं. सुटेना. खरवडून काढलं तर त्याला गंजाचे डाग. पंगत ताटकळली आणि दोषी कोण, ते मानकऱ्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. आवडाईचा तळतळाट लागला, देवी कोपली, तिने गाव सोडावं.

"देवी नाही कोपली, भावोजी," आवडाई म्हणाली. "तुम्ही तव्याचं कातडं सोललंत."

बाबाजी हसला. चुलीपुढची अक्कल चुलीपुढे ठेव म्हणाला, आणि उद्या दुपारपर्यंत खोपी रिकामी कर.

आवडाई खरं बोलतेय हे तिथल्या एकूण एक बाईला ठाऊक होतं. घरोघर तसाच बिडाचा तवा होता. पण सासऱ्या-दिरांपुढे तोंड उघडायचं कोणी? शेवटी बाबाजीची बायको शेवंतीकाकी घरी गेली, आपला तवा काखेत मारून नदीवर आली आणि वाळूने घासायला बसली. मग शेजारीण आली. तिच्यामागून तिच्या जावा आल्या. दिवस मावळेपर्यंत सगळ्या गावाचे तवे नदीवर होते.

सकाळी एकाही घरात घावन सुटलं नाही. सांगणारे याला देवीचा कोप म्हणतात, आणि पुरुषांनाही तो तसाच वाटला. पोटं रिकामी, तोंडं पांढरीफटक. मानकरी हात जोडून खोपीपाशी आले तेव्हा आवडाई गाठोडं बांधत होती. देवी शांत कशाने होईल, ते विचारू लागले.

"ज्यांनी घासला त्यांनी तेल पाजायला बसावं," ती म्हणाली. "दर वर्षी. आणि घावनं मीच काढणार."

बसले मुकाट्याने. कांदा हातातून निसटत होता, बोटं भाजत होती, धुराने डोळे गळत होते. शेवंतीकाकी शेजारी उभी राहून बघत होती म्हणे.

"अहो, तेल पुरे," ती नवऱ्याला म्हणाली. "तवा आहे तो, डोकं नाही तुमचं."

आवडाईने गाठोडं सोडलं आणि मरेपर्यंत त्या तव्यावर घावनं काढली.

मानकरी आजही दर वर्षी बसतात. पण आता फेटे बांधून, फोटो काढून घेत. पहिला कांदा कोणत्या घराण्याने फिरवायचा, यावर त्यांची भांडणं होतात. शिक्षा होती ती. यांनी तिचा मान करून आपसात वाटून घेतला. आणि घावनं काढायला सवाष्णच लागते. गावातल्या विधवा प्रसादासाठी पायरीखाली उभ्या असतात. आवडाई स्वतः आली, तरी तिलाही तिथेच उभं करतील.