ड्रमकाराचा सर्वांत शुभ्र तागा

ड्रमकारा गावाच्या या कुरणावर कोणी पायताण घालून उतरत नाही. तेव्हा बूट काढा, मोजेही काढा. गवत गार आहे, पण त्याने कोणी मेलेले नाही. मी इथल्या दवाखान्यात जन्मभर नर्स होते, मला ठाऊक आहे. तुमच्यातले ते चाकणचे कारखानदार वर खिडकीतच थांबतो म्हणाले. थांबू देत. दर सहलीत असा एक निघतोच, आणि ही दळवीकाकू त्याची मनधरणी करत नाही.

मघाशी त्याच खिडकीतून मी तुम्हाला खाली अंथरलेले तागे मोजायला लावले. तुम्ही सगळ्यांनी पाच सांगितले. ते लक्षात ठेवा.

आयर्लंडच्या या भागात पूर्वी घरोघरी जवसाच्या धाग्याचे लिनन विणले जाई. मागावरून उतरलेले कापड मातकट असते. ते धुऊन, या कुरणावर अंथरून, आठवडेच्या आठवडे ऊन-पाऊस खात ठेवायचे, म्हणजे पांढरे होते. मग पलीकडच्या त्या गिरणीत लाकडी मुसळांनी कुटून त्याला चकाकी आणायची. आता गिरणीत दुकान आहे. तिथे हातपुसणी मिळतात. कुठे शिवली आहेत ते उलटून बघा आणि मग हवी तर घ्या.

हे सगळे ज्याचे होते तो लॉरिमर. वरच्या पाटीवर त्याला 'दूरदृष्टीचे उद्योजक' म्हटले आहे. पाटी त्याच्या खापरपणतूने लावली. दूरची दृष्टी होती खरी. जवळचे मात्र त्याला काही दिसत नसे. कुरणावर अनवाणीच यायचे, कापडाला चिखल लागता कामा नये, हा नियम त्याचाच. पण कामकऱ्यांसमोर बूट काढणे त्याला कमीपणाचे वाटे. म्हणून स्वतःच्या कुरणावर हा गृहस्थ उभ्या जन्मात एकदाही उतरला नाही, असे सांगतात. वर ती खिडकी काढून घेतली आणि रोज न्याहारीनंतर तिथून तागे मोजायचा. न्याहारी उशिरा व्हायची, कारण उठणेच उशिरा.

पहाऱ्याला त्याने फेलिम ओ'हेअरला बसवले, त्या कोपऱ्यातल्या दगडी खोपीत, हातात बंदूक देऊन. मुसळांच्या दणदणाटात काम करून फेलिम ठार बहिरा झाला होता. गिरणीला निरुपयोगी, म्हणून चोरांवर लक्ष ठेवायला. अकलेचे दिवाळे म्हणतात ते हे. आणि त्या काळी कुरणावरचे कापड चोरणाऱ्याला फाशी होती, हे लक्षात घ्या.

इथेच कापड उलटायला ऊना नावाची बाई होती. तिची आई गेली. आईने हयातभर लॉरिमरसाठी सूत कातले होते, आणि आता तिला गुंडाळायला घरात बटाट्यांचे पोते तेवढे होते. ऊनाने लॉरिमरच्या कारभाऱ्याकडे फाटकातुटका तुकडा मागितला. कारभारी वर विचारून आला. "पोत्याला काय झालं? मेलेल्याला टोचत नाही," असा वरून निरोप आला, म्हणे.

त्या संध्याकाळी ऊनाने कडेचा तागा गुंडाळला आणि ती घरी गेली. फेलिमने पाहिले. बंदूक त्याच्या मांडीवरच राहिली. आई लिननमध्ये पुरली गेली.

मग मात्र फेलिमच्या ध्यानात आले. सकाळी मोजणी होणार, एक तागा कमी भरणार, आणि ऊना फासावर जाणार. कडेला अंथरायला त्याच्याकडे स्वतःचा धड सदराही नव्हता. तो त्या रिकाम्या पट्ट्याजवळ गुडघे टेकून म्हणाला, "देवा, ही जागा भरून दे. मेलो तरी पायांत पुन्हा काही घालणार नाही." आणि खोपीपाशी काढून ठेवलेले बूट त्याने गिरणीच्या ओढ्यात फेकले.

उजाडले तेव्हा त्या पट्ट्यावर बारीक कळ्या दाटल्या होत्या, असे सांगतात. डेझीच्या. डेझी रात्री मिटते आणि ऊन वर आले की उघडते. मालक पहाटे उठणारा असता तर ऊना संपली होती. पण साहेब उठले, न्याहारी केली, खिडकीशी आले, तोवर सगळी फुले उघडून पट्टा लांबी-रुंदीला पुरता पांढराफेक झाला होता. लॉरिमरने मोजले. भरले. वरूनच कारभाऱ्याला हाक मारून म्हणाला, "तो कडेचा बघ. असं पांढरं कापड सबंध देशात नाही."

कारभारी खाली कुरणावर अनवाणी उभा होता. त्याने पायाखाली पाहिले, ऊनाकडे पाहिले, मग वर पाहिले. "खरं आहे, साहेब," तो म्हणाला.

पुढे कित्येक दिवस लॉरिमर पाहुण्यांना खिडकीशी आणून ती फुले दाखवी आणि आपल्या कापडाची टिमकी वाजवी. पाहुणेही माना डोलावत. खाली सगळे गाव तोंड दाबून कामाला. दरम्यान विणकरांनी आपापल्या मागावर थोडे थोडे विणून एक तागा पुरा केला, आणि उचलायच्या वेळी तो हिशेबात भरला. लॉरिमर मरेपर्यंत कोणी त्याला काही बोलले नाही. लाज वाटायला आधी कळावे लागते, आणि तेवढी संधीही गावाने त्याला दिली नाही. मला हे माझी शेजारीण रोझीन हिने सांगितले. ती स्वतःला फेलिमच्या वंशातली म्हणवी, आणि थंडीतही घरात अनवाणी फिरे.

आता इकडे कडेला या. हात लावून बघा. ही जागा सांभाळणाऱ्या संस्थेचे लोक उन्हाळ्यात कुरणावर चारच तागे अंथरतात. पाचवा हा. आजही दर उन्हाळ्यात डेझी एवढ्याच पट्ट्यावर दाटते, आणि खिडकीतून बघणारा आजही तिला कापड म्हणूनच मोजतो.

ऐका, तुमचे साहेब वरून काय म्हणताहेत.

"काकू, तो कडेचा तागा सर्वांत भारी आहे. विकत मिळेल का, विचारा ना."

कोणी वर बघून हसू नका. नुसते म्हणा, खरं आहे, साहेब.