बेहड्याच्या पोटातला धूर

फार जुनी गोष्ट. चहूकडे डोंगर आणि मध्ये परातीसारखं खोलगट असं एक गाव होतं. गावाच्या माथ्यावर देवीची राई. त्या गावात एक बाई राहत होती, व्रतवैकल्यं मनापासून करणारी.

गावाची रीत अशी की नवस बोलायचा तो होमाचा, आणि होमाला लाकूड राईतलंच. नातू झाला, होम. म्हैस व्याली, होम. धूर जितका दाट तितकी देवी प्रसन्न, असं सगळे मानत. होता होता राई विरळ झाली आणि धूर गावातच साचून राहू लागला.

बाईची एकुलती लेक समुद्राकाठच्या गावी दिलेली. पहिल्या बाळंतपणाला आली आणि तान्ह्याला घेऊन लवकरच परत गेली. जाताना म्हणाली, "आई, या धुराने बाळाला धाप लागते गं. हवा निवळली की येईन."

तेव्हापासून बाई रोज रिकामा पाळणा पुसायची आणि घाटाच्या वाटेकडे बघत बसायची. शेवटी तिने ठरवलं, लेक परत यावी म्हणून राईतल्या थोरल्या बेहड्याच्या झाडाचा होम करायचा.

"नवस फळल्यावर फेडतात, बाई. तू आधीच निघालीस?" देवीचा गुरव म्हणाला.

"धीर निघत नाही, गुरवदादा."

रीतीप्रमाणे आधी बेहड्याची एक फांदी आणून अंगणात पेटवली. फांदी मनगटाएवढी, पण धुराने अंगण भरलं, ओटी भरली. आत पाळणासुद्धा दिसेना.

बाई डोळे पुसत म्हणाली, "एवढ्याशा फांदीत एवढा धूर आला कुठून?"

"झाडाच्या पोटातून."

"आणि त्याच्या पोटात कोणी घातला?"

गुरवाने डोकं खाजवलं. "आपणच की. आजेपणजेही चुली पेटवत होतेच. तेव्हा राई दाट होती, हवा स्वच्छ असायची. धूर झाडंच ओढून घेत असणार."

बाईने वर राईकडे पाहिलं. तिच्या सासूच्या, आजेसासूच्या चुलींचा धूर त्या बेहड्यात मुकाट बसला होता. आणि आपण तो सोडायला निघालो होतो, आपल्याच नातवावर.

"कुऱ्हाड ठेवा, दादा."

"नवस मोडलास तर देवी कोपेल."

"मोडत नाही, बदलते. राईत रोपं लावीन, लेक येईपर्यंत त्यांना पाणी घालीन."

"रोपं कधी वाढायची आणि लेक कधी यायची?"

"वाट बघेन. तशीही बघतेच आहे."

बायका आधी हसल्या. मग शेजारणीने मुलाच्या तापासाठी एक रोप बोललं. मग तिच्या जावेने. होम कमी झाले, वर्षागणिक राई दाटत गेली, हवा निवळत गेली. बाई कळशी घेऊन डोंगर चढायची, वर पोचली की आधी घाटाकडे बघायची.

एका चैत्रात घाटाच्या वाटेवर ओळखीचं लुगडं दिसलं. लेकीचं बोट धरून पोरगा स्वतःच्या पायांनी उड्या मारत येत होता. धाप नाही, खोकला नाही.

बाईने त्याला कौतुकाने पाळण्यात बसवलं, तर पाय बाहेर लोंबू लागले. ती हसली आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

"रडतेस का, आजी?"

"धूर गेला डोळ्यांत."

पोराने इकडेतिकडे पाहिलं. "कुठे आहे धूर?"

आजीने वरच्या बेहड्याकडे बोट दाखवलं. "तिथे. निजलाय. उठवायचा नाही."

तात्पर्य इतकंच: झाड हवेतला कार्बन आपल्या लाकडात सांभाळून ठेवतं, आणि जाळलं की तो पुन्हा हवेत सुटतो. म्हणून देवाला द्यायचंच असेल, तर झाड जाळून नाही, लावून आणि राखून द्यावं.