निळ्या लाकडाचा खंड्या

"निळं लाकूड कुठून आणू, उस्ताद? तेवढं सांगा!" विश्राम जवळजवळ ओरडलाच.

दाजीबा मिस्त्री करवतीला कानस लावत होते. लाकडाचे तुकडे कापून, एकमेकांना भिडवून चित्रं करणारा हा म्हातारा. शिसवाचा काळा, फणसाचा पिवळा, शिवणीचा फिकट... जो रंग लाकडाचा, तोच चित्राचा. लाकडाला वरून रंग लावणाऱ्यानं करवत खाली ठेवायची आणि घरी जायचं, हा त्यांचा नियम.

"जंगलात बघ."

"जंगलात निळं झाड नसतं!"

"मग मला कशाला विचारतोस?"

असल्या उत्तरांनी कुणाचंही डोकं फिरेल. त्यात विश्रामला वाटे, आपल्याइतका सफाईदार हात इथं कुणाचा नाही. ते खरंही होतं, हीच तर पंचाईत! चित्रातली नदी झाली होती, तिच्यावर वाकलेली फांदी झाली होती. फांदीवर खंड्या पक्षी बसला की विश्राम शिकाऊ राहणार नव्हता, मिस्त्री होणार होता.

दुसऱ्या दिवशी खंड्या बसला. निळाशार.

दाजीबांनी अंगठा जिभेला लावला आणि पक्ष्याच्या पाठीवर घासला. अंगठा निळा झाला.

"कपड्यांची नीळ?"

विश्रामनं आपली निळी बोटं पाठीमागे लपवली.

"गधड्या, इतकी वर्षं मी काय भिंतीशी बोलत होतो?"

विश्रामनं करवत खाली ठेवली. डोळे भरून आले होते, पण संताप त्याहून मोठा होता.

"खंड्या निळाच असतो, उस्ताद! निळ्यावाचून करून दाखवा, मग खुशाल हाकला मला."

म्हाताऱ्यानं पटाशी घालून खंड्या उचकटला आणि चुलीत टाकला. मग तिथंच बसून जळणाचा ढीग उपसायला लागला. बऱ्याच वेळानं त्यातून सागाचा एक तुकडा निघाला. त्यात गाठ होती, आणि गाठीभोवती एकात एक वर्तुळं. करवतीचे दात खातो म्हणून विश्रामनंच तो शिव्या घालून फेकला होता.

दाजीबांनी तो फांदीखाली, नदीवर ठेवून पाहिला.

"हा इथं बसव. वर फांदीवरची रिकामी जागा साध्या शिवणीच्या लाकडानं भर."

"आणि खंड्या?" विश्राम पुन्हा ओरडला. "खंड्या कुठंय?"

दाजीबांनी करवत उचलून त्याच्या हातात दिली.

"आत्ताच पाण्यात गेलाय. ओरडू नकोस... बुजेल."