मोराभोवतीची शिवण

करंजविहीर हे गाव तसं लहान. ओढ्याच्या अलीकडे पन्नास-साठ घरं, पलीकडे मारुतीचं देऊळ आणि देवळाला लागून एक कुडाची खोपी. त्या खोपीत सखोबा महाराज अकरा वर्षं राहिले, म्हणून आज आपण या गावाचं नाव घेतो. नाहीतर कोण विचारतंय! महाराज कधी कीर्तनाला उभे राहिले नाहीत, कुणाला मंत्र दिला नाही. अंगावर एक घोंगडी, हातात बाभळीची काठी आणि बोलणं असं तुटक, की नवख्याला वाटावं रागावलेच आहेत. पण त्या बोलण्याखाली माया किती होती, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळलं. भाविकहो, अशीच वेळ आली होती गावातल्या एका तरण्याताठ्या जोडप्यावर, आणि तीही ऐन गौरीच्या सणाला.

सोपान शिंपी आणि त्याची बायको भागू यांनी त्याच वर्षी वेगळी चूल मांडली होती. पाच वर्षांची चिमा, पाळण्यातलं एक तान्हं, दोन खणांचं घर आणि ओसरीवर हातानं फिरवायचं शिवणाचं मशीन, एवढा त्यांचा संसार. वेगळं घर झालं म्हणजे गौरीही वेगळ्या बसवायच्या. सासूनं शाडूचे दोन मुखवटे दिले, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता तुझ्या घरची लक्ष्मी तूच सांभाळ."

भागू पदर खोचून कामाला लागली. घरात नव्यानं आणावं असं काही परवडणारं नव्हतं, पण या बाईच्या हाताला जे लागे त्याचं काहीतरी होई. दोऱ्याची रिकामी रिळं तिनं गेरूत आणि हळदीत बुडवून वाळवली, एकावर एक ओवली आणि मखराचे चार खांब उभे केले. जुन्या पंचांगाची पानं कातरून सोपाननं पताका केल्या. चिमानं गावभर हिंडून फुटक्या बांगड्यांचे तुकडे गोळा केले, त्यांची झालर दारावर लागली आणि वारा आला की किणकिणू लागली. भिंतींना चुना झाला. देवींच्या धडासाठी उतरंडीची मडकी घासून पुसून ठेवली. सगळं झालं, आणि भागू एकदम खाली बसली.

देवी दोन, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. आणि कोरं लुगडं घरात एकच, माहेरच्या आहेराचं, घडीही न मोडलेलं. अंगाला लागलेलं कापड देवीला नेसवत नाहीत. मग धाकटीला काय नेसवायचं?

त्याच दिवशी महाराज घोंगडी शिवून घ्यायला ओसरीवर आले. भागूचे डोळे भरलेले पाहून त्यांनी काही विचारलं नाही. कोपऱ्यात उरलेल्या कापडाचं गाठोडं होतं, त्याला काठीनं ढोसलं.

"हे काय गं?"

"गावच्या कापडातले उरलेले तुकडे, महाराज. ज्याचे त्याला माघारी द्यायचेत."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. शिंप्याकडे उरलेलं कापड शिंप्याचंच, असं पुष्कळ ठिकाणी धरून चालतात. सोपानचा बाप तसं करत नसे आणि सोपानही करत नसे. बोटभर तुकडा उरला तरी तो गिऱ्हाइकाच्या पुरचुंडीत बांधून जाई. लोक त्याला हसत, पण कापड शिवायला त्याच्याकडेच टाकत.

"हे कापड कुणाच्या अंगाला लागलंय?" महाराजांनी विचारलं.

"नाही जी. अंगाला लागायच्या आधीच कापून उरलेलं."

"म्हंजी कोरंच की!" महाराज उठले. "घरोघर जा. माग. दिलं तर घे, न दिलं तर हसून माघारी ये. आन् धाकटीला लुगडं शीव."

भागूनं डोळे पुसले. एवढी सोपी गोष्ट आपल्याला कशी सुचली नाही!

ती पुरचुंड्या घेऊन निघाली. प्रत्येक दारात तेच बोलणं. "आक्का, तुमच्या कापडातलं हे उरलंय. देवीच्या लुगड्याला देता का?" कुणी नाही म्हणेना. सुताराच्या म्हातारीनं तर नातवाच्या अंगरख्याचा तुकडा आधी कपाळाला लावला आणि मग दिला. फिरत फिरत भागू देशमुखांच्या वाड्यावर आली.

देशमुखीणबाई म्हणजे चंद्रभागाबाई. गावात त्यांना बाईसाहेब म्हणत. त्यांच्या गौरी चांदीच्या मुखवट्यांच्या, मखर शहरातून आणलेलं. बाई वाईट नव्हत्या, पण आपल्या घरासारखा सण पंचक्रोशीत होत नाही हे रोज कुणीतरी म्हटल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. त्या वेळी ओसरीवर तीन शेजारणी बसल्या होत्या. सोपाननं त्यांच्या गौरींच्या चोळ्या शिवल्या होत्या, हिरव्या जरीच्या खणातून. उरल्या तुकड्यात जरीनं विणलेला एक अख्खा मोर आला होता, तळहाताएवढा. भागूनं पुरचुंडी पुढे ठेवली आणि आपलं मागणं मागितलं.

बाई खदखदून हसल्या. "चिंध्या मागत हिंडतीस होय? देवीला गोधडी नेसवणार?" त्यांनी मोराचा तुकडा उचलला आणि भागूच्या अंगावर भिरकावला. "घे! नेसव तुझ्या देवीला. तेवढीच झाक येईल!"

शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या. भागूनं तुकडा जमिनीवर पडू दिला नाही. तशीच ती महाराजांकडे गेली. "महाराज, हा चेष्टेनं दिलाय. घेऊ का?"

"जाताना हात रिकामा हुता?"

"होय."

"आता?"

भागूनं मूठ उघडून मोराकडे पाहिलं.

"मग शीव," महाराज म्हणाले.

सात दिवस नवराबायको शिवत होती. सोपान मशीन फिरवी, भागू हातानं टाके घाली. मोर तिनं बरोबर पदरावर बसवला आणि त्याच्याभोवतीची शिवण स्वतःच्या हातानं घातली, अगदी बारीक टाक्यांची. मग गौरी आल्या. चिमानं उंबऱ्यापासून मखरापर्यंत कुंकवाची पावलं उमटवली, थोडी वाकडी, थोडी मोठी. दुसऱ्या दिवशी, पूजेच्या सकाळी, धाकटी देवी ते लुगडं नेसून उभी राहिली आणि पहिली शेजारीण दारातच थांबली.

"अगं बया! हा तर माझ्या सुनेच्या चोळीचा तुकडा!"

हां हां म्हणता गाव लोटलं. जो तो आपला तुकडा शोधू लागला. कुंभाराचा निळा, सुताराचा पट्ट्यांचा, गुरवाचा पिवळा. ज्यांच्या घरी कधी गौर बसली नव्हती त्यांचंही कापड त्या लुगड्यात होतं. सुताराची म्हातारी रडायलाच लागली, म्हणाली, "माझी चिंधी देवीच्या खांद्यावर हाय गं!" मंडळी, दृश्यच तसं होतं. सगळं गाव देवीनं अंगावर घेतलं होतं.

तिकडे वाड्यावर चांदीच्या गौरींपुढे मोजकी माणसं. जी बाई आली, ती बसायच्या आधीच विचारी, "बाईसाहेब, शिंप्याची धाकटी गौर पाहिली का?" चारदा ऐकलं, पाचव्यांदा बाईंचा तोल सुटला. त्या तरातरा निघाल्या आणि भर दुपारी, नैवेद्याचं ताट वाढलं जात असताना, सोपानच्या दारात उभ्या राहिल्या.

त्यांची नजर मोरावर गेली.

"हा माझा खण हाय! सोपान, हा तू कापून ठेवलास!"

सोपान हात जोडून म्हणाला, "बाईसाहेब, हिनं तुमच्याकडून मागून आणलाय."

"माझ्याकडून? कधी? मी असला जरीचा खण कुणाला देईन?"

भागूनं त्या तीन शेजारणींकडे पाहिलं. तिघीही तिथंच होत्या. एकीनं मान खाली घातली, दुसरीनं उगाच पदर सारखा केला, तिसरी भिंतीवरच्या पताका पाहू लागली. देशमुखांच्या शेतावर मजुरीला जाणाऱ्या घरच्या त्या बायका, त्यांनी तरी काय बोलावं?

"चोरीचं कापड अंगावर ठेवून देवीला जेवू घालतीस?" बाई गरजल्या. "उतरव ते लुगडं! आन् आजपासून या घरात कुणी कापड टाकलं, तर त्यानं माझ्या दारात येऊ नये!"

आता विचार करा. शिंप्यावर कापडचोरीचा आळ म्हणजे त्याचं मशीन बंद. आणि आलेली गौर, पान वाढलेलं, तिचं लुगडं भरल्या घरात उतरवायचं! भागूनं हातातला नैवेद्य खाली ठेवला. चिमा आईच्या मागे लपून म्हणाली, "आये, देवीला थंडी वाजंल." भागूला पुढे काही दिसेना. तिनं डोळे मिटून महाराजांचं नाव घेतलं.

आणि दारातून काठीचा आवाज आला. जेवायला बोलावलं होतं, महाराज वेळेवर आले होते. सगळ्यांनी वाट दिली. त्यांनी देवीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"तुमचं हाय म्हणता?"

"माझं हाय, महाराज! डोळ्यांनी दिसतंय की."

"मग न्या. लुगडं कशाला उतरवायचं? तुमच्या तुकड्याभोवतीची शिवण उसवा आन् तेवढा घेऊन जा. पण शिवणच उसवायची बरं का. कापड कापायचं न्हाई."

सोपाननं कात्री दिली. बाई पुढे झाल्या, पदर हातात धरला आणि मोराची कड शोधू लागल्या. मोर होता. पिसारा होता. पण कड कुठंय? जरीचं कापड जिथं संपायला हवं तिथं ते कुंभाराच्या निळ्या कापडात उतरत गेलं होतं, निळं पुढे पट्ट्यांत मिसळलं होतं, धागा कुठं तुटतच नव्हता. बाईंनी पदर उलटा केला. मागून शिवण दिसतेच. मागूनही नव्हती. त्यांनी बोट फिरवलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

"सोपान! कुठं शिवलंस ते दाखव!"

सोपान पुढे आला. डोळे मिटून शिवण चाचपणारा हात तो, बापाच्या मांडीवर बसून शिकलेला. त्यानं मोरापासून सुरुवात केली आणि निऱ्यांपर्यंत गेला. सात दिवस त्यानं आणि भागूनं घातलेले शेकडो टाके, त्यातला एकही बोटाला लागेना. सगळं लुगडं एकाच मागावर एकाच हातानं विणावं तसं अखंड होतं, आणि तरी प्रत्येकाचा तुकडा जिथल्या तिथं ओळखू येत होता. "ही माझी शिवण नाही," तो पुटपुटला. "महाराज, मला अशी येत नाही!" आणि तो देवीपुढे आडवा झाला.

बांगड्यांची झालर तेवढी वाजत होती.

बाईंच्या हातात पदर तसाच होता. त्यांचा हात कापडाखाली मडक्याला टेकला होता. रिकामं, गार मडकं, पण हाताला ऊब लागली. तान्ह्या पोराला उचललं की लागते तशी ऊब! ही गोष्ट बाईंनी त्या वेळी कुणाला सांगितली नाही. पुढे म्हातारपणी त्या स्वतः सांगत, आणि सांगताना तो हात दुसऱ्या हातात धरून ठेवत.

कात्री खाली पडली.

"दिला हुता मी," बाई म्हणाल्या. "मीच दिला हुता. अंगावर फेकून दिला, हसून दिला. खोटं बोलले."

महाराज त्यांच्याजवळ आले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला. "बाई, तुम्ही चेष्टेनं दिलात. तिनं मनापास्नं घेतला. आता तो सुटायचा न्हाई."

बाई महाराजांच्या पायांवर वाकू लागल्या, तर महाराजांनी काठी आडवी धरली. "माझ्या न्हाई. आधी माहेरी आलेल्या या गौरीला जेवू द्या. पान निवतंय." मग नैवेद्य झाला, आणि पंगतीत वाढायला पहिल्या उभ्या राहिल्या त्या बाईसाहेब. त्या तीन शेजारणी भागूला जवळ घेऊन रडल्या ते वेगळंच.

तिसऱ्या दिवशी, दारात जमलेल्या गावासमोर, गौरी बोळवल्या. भागूनं लुगडं उतरवून दारातल्या उजेडात धरलं, आणि काय नवल! सगळ्या शिवणी परत होत्या. सोपानच्या मशीनचे सरळ टाके, भागूच्या हातचे लहानमोठे, एक चिमानं हट्टानं घातलेला वाकडा टाका, सगळं जसंच्या तसं. सोपान एकेक शिवण बोटानं मोजल्यासारखी पाहत गेला आणि पदराशी येऊन थांबला. फक्त मोराभोवती शिवण नव्हती.

बाईसाहेब ओटीचं ताट घेऊन अनवाणी आल्या होत्या. सोपाननं काही न बोलता पदर त्यांच्यापुढे केला. त्यांनी मोराभोवती बोट फिरवलं, एकदाच. मग ताट खाली ठेवलं आणि भागूच्या पायांशी वाकल्या.

"बाईसाहेब! हे काय करता?" भागू दचकून मागे सरली. "मी तुमच्या लेकीच्या वयाची!"

"सरू नकोस गं," त्या म्हणाल्या. "मी फेकलेलं तू खाली पडू दिलं नाहीस."

आणि देशमुखांच्या चंद्रभागाबाईंनी शिंप्याच्या उंबऱ्यात, साऱ्या गावादेखत, जमिनीला कपाळ टेकवलं.