शिकारीच्या सुऱ्याची मूठ

वेळूरच्या जहागीरदार भवानरावांना शिकारीचा सुरा हवा होता. तुळोजी लोहारानं पोलादाचं लखलखीत पातं घडवलं, पण मूठ काही सरकारांच्या पसंतीस उतरेना. म्हणे, हस्तिदंत पिवळा पडतो, चांदी हातातून निसटते आणि सांबराचं शिंग काय, कुणीही लावतं!

भरल्या सदरेवर ते गरजले, "दुसऱ्या कुणाच्या सुऱ्याला नसेल अशी मूठ उद्यापर्यंत बसव, नाहीतर गाव सोड."

भाता, ऐरण आणि पोरंबाळं घेऊन तुळोजीनं जायचं कुठं? दुसऱ्या दिवशी मात्र तो नुसतं पातं घेऊन सदरेवर हजर झाला.

"मूठ कुठाय?"

"ठरलीय, सरकार. आपण स्वतःच्या हातानं मारलेल्या जनावराच्या हाडाची! तशी दुसऱ्या कुणाकडं असणं शक्यच नाही. तेवढं एक हाड द्या, इथंच बसवतो."

जहागीरदारांनी आपल्या शिकाऱ्याकडं पाहिलं, तर तो आढ्याकडं बघू लागला. बारा वर्षं बंदूक त्याचीच उडत होती आणि मिशांना पीळ सरकार भरत होते.

भवानराव खाकरले. "हाडाला वास येतो रे. आपली बाभळीच्या लाकडाची बसव."

तुळोजी मुजऱ्याला वाकला आणि हसू आवरेपर्यंत वाकलेलाच राहिला.