मुशीच्या तळाशी

एका राज्यात सर्वांना स्वच्छ दिसत होते, पण कोणी कोणाला ओळखत नव्हते. प्रधान माळ्याला मुजरा करी, सेनापती भलत्याच घरी जेवून येई आणि राजा कीर्तिसेन रोज सकाळी स्वतःच्याच लेकीला विचारी, "बाळ, तू कोणाची?" ती रडे. राजालाही रडू येई, का ते मात्र उमगत नसे.

झाले होते असे. डोळ्यांची साथ आली आणि राजाच्या रसशाळेत, मातीच्या मुशीत, निळे अंजन शिजले. आंधळे पाहू लागले. औषध घेताना ते करणाऱ्याचे नाव घ्यायचे, हा तिथला जुना नेम. रसगुरू जटाधराने स्वतःचे नाव सांगितले, मुशीच्या झाकणावर आपली मोहर उठवली आणि भर दरबारात शालही घेतली. आयत्या बिळावर नागोबा! राजाने ते नाव घेतले मात्र, अंजन शापित झाले.

रसशाळेच्या आढ्यावरून साळुंकी बोलली, "राजा, खोटे नाव तू मानलेस, खरे तूच शोध. आधी आग, मग हात, मग नाव."

आग सापडली. सात भट्ट्यांपैकी एकीत कोळशावाचून निळी ज्योत जळत होती. हात मात्र सापडेना. जो तो म्हणे, "मीच केले." आपण कोण हे ठाऊक नाही, पण केले मात्र आपणच!

"ढवळून दाखवा," राजा म्हणाला. ज्योत एकेकाला चटका देऊ लागली. जटाधराच्या तर मिशाच गेल्या.

तेव्हा कोपऱ्यातली फुंकणीवाली बाई उठली. तिची बोटे नखांपर्यंत निळी होती. "घाई नको. फेस तीनदा बसू द्यावा," असे म्हणत तिने ढवळले. ज्योत मांजरासारखी तिच्या हाताला अंग घासू लागली.

"बाई, आपण कोण?"

"ठाऊक नाही, महाराज. अंजन मी आधी माझ्याच डोळ्यांत घालून पाहते. आता पाण्यात पाहिले तरी मी मला ओळखत नाही. सगळे फुंकणीवाली म्हणतात. असेन."

राजा गोंधळला. मूस हातात घेऊन झाकणावरची मोहर पुन्हा पुन्हा वाचू लागला.

"उपडी करा, महाराज. मूस ओली असतानाच खूण तळाला करायची असते. भाजली की पुसत नाही. एवढे आठवते."

राजाने मूस उपडी केली. "रेणुमती," त्याने मोठ्याने वाचले.

बाईचे डोळे भरून आले. "होय. मीच ती."

पण शेजारी उभ्या असलेल्या स्वतःच्या लेकीची ओळख राजाला अजूनही पटेना.

"महाराज, खाली आणखी एक नाव आहे."

"भागाई."

"माझी आई. भट्टी लावायला तिनेच शिकवले."

"चिमणे!" राजा ओरडला, आणि लेक धावत येऊन त्याच्या गळ्यात पडली.

शाल रेणुमतीला मिळाली, फुंकणी जटाधराला. तेव्हापासून त्या राज्यात औषध घेण्याआधी भांडे उपडे करून पाहतात. थोडे सांडते. सांडू दे.