कोळशाची साक्ष

राज्यं बुडाली, तरी त्यांच्या शिवेचा एक धोंडा करवंदीच्या जाळीत उरला होता. पुरानं त्याला शंभर पावलं वाहून आणलं होतं, हे माणसांना ठाऊक नव्हतं.

एकदा दोन गावांची माणसं जुन्या शिवेच्या खुणा शोधत आली. म्हातारे धाकलूतात्या म्हणाले, "उद्या खणू. शिवेच्या धोंड्याखाली कोळसा पुरायची जुनी रीत. तो निघाला तर हीच शीव. नाहीतर धोंडा फोडू."

धोंड्याला कापरं भरलं. बिळातली घूस म्हणाली, "भिऊ नकोस. जुन्या जागेतला कोळसा मी तुझ्याखाली आणून ठेवते."

रात्रभर घूस कोळसा आणत राहिली; धोंड्यानं तिला अडवलं नाही.

कोळसा निघाला. माणसांनी शेंदूर फासला, कुंपण घातलं. एका गावाची विहीर दुसऱ्या गावात गेली.

आता दर अमावास्येला त्याच्यावर नारळ फुटतो. दर वेळी धोंड्याला वाटतं, आज आपलंच डोकं फुटलं.